कमी पैशात पाळीव सापासाठी घरीच पेटी कशी बनवायची?

तुम्ही विचारलंय की वर्षभराचा कॉर्न स्नेक आहे, सध्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवलाय, तयार काचेची टाकी घ्यायला पैसे नाहीत, तर लाकडाची पेटी घरी बनवली तर चालेल का. चालेल की, मस्त चालेल. माझा कॉर्न स्नेक सहा वर्षं झाली एका जुन्या पुस्तकांच्या कपाटात राहतोय, म्हणजे कपाट आडवं केलं, मधल्या फळ्या काढल्या आणि पुढून काचा बसवल्या एवढंच. फक्त आधी एक ठरवून टाका, पेटी अगदी फुकटात झाली तरी हरकत नाही पण थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आवरणारं यंत्र, विकत घ्यायचा, चांगला घ्यायचा, आणि बजेटमधले पहिले पैसे त्याच्यासाठी बाजूला काढायचे.

कारण सांगतो. हीट मॅट (खाली घालायची, विजेवर तापणारी पातळ चटई) किंवा हीटर नुसता प्लगला लावला तर तो थांबतच नाही, तापतच राहतो, आणि सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही. तो गरम जागेवर पडून राहतो आणि पोटाचे खवले भाजतात, ते बरं व्हायला महिनोन्महिने लागतात. विजेवर तापणारे गरम दगड म्हणून जे मिळतात ते तर घेऊच नका. त्यात लाकडाच्या पेटीला खालून मॅट लावून उपयोग नाही, लाकूड उष्णता वर येऊ देत नाही आणि मॅट खाली कोंडून जास्तच तापते, आग लागायची भीती. म्हणून लाकडी पेटीत वरून उष्णता द्या, सिरॅमिक हीटर (उजेड न देता नुसती उष्णता देणारा बल्बसारखा) लावा, होल्डर सिरॅमिकचाच पाहिजे कारण प्लास्टिकचा वितळतो, आणि हीटरभोवती जाळीचा पिंजरा लावा नाहीतर साप जाऊन त्यालाच वेटोळं घालतो. सिरॅमिक हीटरला पल्स थर्मोस्टॅट (थांबून थांबून वीज देणारा) लागतो, मॅटला साधा ऑन-ऑफवाला चालतो, बल्ब लावणार असाल तर डिमिंगवाला, म्हणजे वीज हळूहळू कमी-जास्त करणारा. वायरिंगमध्ये जरा जरी शंका असेल तर जाणकाराकडून करून घ्या.

थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, गरम बाजूला, साप जिथे बसणार तिथेच पक्का बसवा, वायरला लावायच्या खिळेवाल्या क्लिपा मिळतात त्यांनी. तो निसटून गार कोपऱ्यात गेला किंवा पाण्याच्या भांड्यात पडला तर थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गार आहे, मग हीटर चालूच राहतो. गरम बाजू २९ ते ३१ अंश, गार बाजू २२ ते २५, एवढा फरक मिळालाच पाहिजे कारण कधी गरम व्हायचं कधी गार हे साप जागा बदलूनच ठरवतो.

आता माप. मोठा झाल्यावर तो साधारण ४ फूट होईल, काही ५ पर्यंत जातात, म्हणून एकदाच ४ फूट लांब, २ रुंद, २ उंच करा, परत परत खर्च नको. वर्षभराच्या पिल्लाला एवढी मोठी चालते का, तर चालते, आत लपायला भरपूर जागा ठेवा म्हणजे झालं, मोकळ्या मैदानासारखी रिकामी पेटी असेल तर तो घाबरून राहतो.

जुनं फर्निचर मिळालं तर ते घ्या, आधी नीट धुऊन पुसून वाळवा. भुशाचे दाबलेले बोर्ड पाण्याने फुगतात त्यामुळे त्यांच्या कापलेल्या कडा सील कराव्याच लागतात. प्लाय असेल तर पाण्यावर आधारित पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात मारा आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबा, मी दोन आठवडे थांबलो होतो. आतले सांधे सिलिकॉनने भरा पण ॲक्वेरियमचंच, बुरशी न येणारं जे बाथरूमसाठी मिळतं त्यात औषध असतं. लावल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो, तो गेल्याशिवाय साप आत सोडू नका.

दाराचं मात्र नीट वाचा कारण माझी चूक तिथेच झाली. दोन सरकत्या काचा प्लास्टिकच्या पट्टीत बसवल्या, एकीवर एक येतात तिथे मध्ये बारीक फट राहिली, मला वाटलं यातून काय जाणार. डोकं जिथून जातं तिथून अख्खा साप जातो हे तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. एका संध्याकाळी तो नाक खुपसून त्या फटीत जोर लावताना दिसला म्हणून मी घाईत आतून पॅकिंग टेप लावली, म्हटलं उद्या नीट करू. सकाळी बघतो तर टेपची एक बाजू सुटलेली आणि तो तिला चिकटलेला, आणि जितका वळवळत होता तितका आणखी गुंडाळला जात होता. ओढली असती तर कातडी सोलून आली असती. साधं खायचं तेल घेतलं, कापसाच्या काडीने टेपच्या कडेखाली सोडत गेलो, एक एक खवला मोकळा होत होता, पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ त्याचं अंग माझ्या तळहातावर थरथरत होतं. पोटाच्या तीन खवल्यांच्या कडा तरी उचलल्याच, दोनदा कात टाकल्यावर कुठे त्या सारख्या झाल्या. तेव्हा पेटीच्या आत कुठलीही टेप नाही, दोन मिनिटांसाठी पण नाही. फटीसाठी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी मिळते ती एका काचेच्या कडेला बसवा, आणि काचेला कुलूप किंवा पाचर लावाच, कॉर्न स्नेक रात्रभर ढकलून ढकलून काच सरकवतो.

हवेसाठी गार बाजूला खाली आणि गरम बाजूला वर भोकं पाडा म्हणजे हवा फिरते, डोक्यापेक्षा लहानच पाडा, कडा घासून घ्या. जाळी लावायची तर बाहेरून, आतून लावली की तो नाक घासून घासून जखम करून घेतो.

आतल्या सामानावर खर्च करूच नका. पुठ्ठ्याचे खोके, उलटी कुंडी, जाड फांदी घासून धुऊन वाळवलेली, सगळं चालतं. लपायच्या जागा दोन हव्यात, एक गरम बाजूला एक गार बाजूला, अंग चेपून बसेल एवढ्याच. झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात ओलं शेवाळ ठेवलं की कात टाकायच्या वेळी, डोळे निळसर झाले की, तो आपणहून त्यात जाऊन बसतो. खाली ॲस्पेन झाडाच्या लाकडाचा भुसा किंवा नारळाचा चुरा, चांगला तीन इंच तरी, त्याला बिळं करायला फार आवडतं. देवदार किंवा पाइनचा भुसा नको, त्यातल्या तेलांचा सापाला त्रास होतो. जड दगड भुशावर ठेवू नका, थेट तळावर ठेवा, नाहीतर तो खालून उकरतो आणि दगड अंगावर येतो.

सगळं झालं की आठवडाभर पेटी रिकामी चालवा, दोन्ही बाजूंना डिजिटल थर्मामीटर ठेवून सकाळ दुपार रात्र आकडे लिहा. माझ्या पेटीत दुपारी ३४ दाखवायला लागलं, हीटर बंद असताना, मग लक्षात आलं की खिडकीतलं ऊन थेट काचेवर येतंय, पेटी दुसऱ्या भिंतीला सरकवली तेव्हा आकडे जागेवर आले. साप आत असता तर कळायच्या आधीच त्याचे हाल झाले असते.

तोपर्यंत तो आहे त्याच डब्यात राहू दे, झाकणाच्या क्लिपा घट्ट आहेत ना आणि हवेला भोकं आहेत ना एवढं बघा, आणि त्याला मॅट लावली असेल तर थर्मोस्टॅट आजच त्या मॅटला जोडा, पेटीची वाट बघू नका. नव्या पेटीत सोडल्यावर पाच-सात दिवस खायला देऊ नका आणि हातातही घेऊ नका, पाणी तेवढं रोज बदला. सुरुवातीला दिवसभर दिसणारच नाही तो, भुशाखाली असेल.