विश्वास कोणत्या खुंटीवर टांगलाय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पुनरुत्थानाचा सण झाला की पुढचे दोन महिने माझ्याकडे एकाच जातीचे प्रश्न येतात. कुणाला बायबल खरं ठरवणारा पुरावा सापडलेला असतो, कुणाला खोटं ठरवणारा. पुण्यात तीस वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकवली म्हणून लोक मला विचारतात. यंदाचे काही प्रश्न इथे घेतले आहेत. जिथे एका वाक्यात भागतं तिथे एकच वाक्य लिहिलं आहे.

समजा, उद्या उत्खननात बायबल खोटं असल्याचं सिद्ध झालं. तुम्ही विश्वास सोडाल का? (वानवडी)

बायबलमधलं नेमकं काय खोटं ठरलं, ते आधी सांगा. त्यात इतिहास आहे, गीतं आहेत, पत्रं आहेत, दाखले म्हणजे बोधकथा आहेत. दाखल्यातल्या उधळ्या पुत्राचं घर शोधायला कुणी कुदळ घेऊन जात नाही.

पण एका गोष्टीवर माझं उत्तर सरळ ‘हो’ आहे. इसवी सन ५५च्या सुमारास प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं की ख्रिस्त मेलेल्यांतून उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. त्याच अध्यायात तो म्हणतो, पाचशेहून जास्त जणांना ख्रिस्त दिसला आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जा आणि विचारा. ‘पुनरुत्थान नसलं तरी शिकवण चांगलीच आहे की,’ ही पळवाट पौलाने स्वतःसाठी ठेवली नाही. मीही ठेवत नाही.

यहोशवाच्या पुढारीपणाखाली इस्राएल लोकांनी वेढा दिला तेव्हा यरीहो शहराचा तट कोसळला, असं बायबल सांगतं. त्या तटाचं तसं नाही. १९३०च्या दशकात पुराणवस्तुतज्ज्ञ जॉन गार्स्टँग यांनी यहोशवाच्या काळात पडलेला तट सापडल्याचं जाहीर केलं आणि जगभरच्या मंडळ्यांत आनंदीआनंद झाला. १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केनियन यांनी तिथेच पुन्हा खणलं, तेव्हा तो तट यहोशवाच्या कितीतरी शतकं आधीचा निघाला. पंचवीस वर्षांत पुरावा आला आणि गेला. ज्यांनी आपले उपदेश त्या तटावर उभे केले होते त्यांची पंचाईत झाली, पुनरुत्थानाला त्याने धक्का लागला नाही. मग यहोशवाचं पुस्तक कसं वाचायचं, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो चुकवता येत नाही.

तुमच्या मनात नेमकं काय डळमळलंय ते कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांना भेटा. ‘बायबल खोटं’ एवढ्या मोघम शंकेवर कुणालाच उत्तर देता येणार नाही.

यहोशवाच्या वेळी सूर्य थांबला तो दिवस नासाच्या संगणकाला सापडला, हा मेसेज खरा आहे का? (पिंपरी)

नाही. नासाने स्वतः तो नाकारला आहे, पुढे पाठवू नका.

तांबड्या समुद्रात फारोच्या रथांची चाकं सापडली आहेत. व्हिडिओही आहे. तरी उपदेशात हे कुणी का सांगत नाही? (खडकी)

इजिप्तमधून निघालेल्या इस्राएल लोकांसाठी समुद्र दुभंगला आणि पाठलागावरचे फारोचे रथ त्यात बुडाले, ही बायबलमधली गोष्ट. ती उपदेशात असते, चाकं नसतात, कारण ती चाकं आजवर एकाही पुराणवस्तुतज्ज्ञाच्या हाती आलेली नाहीत. एका हौशी अमेरिकन माणसाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस हा दावा सुरू केला. २०१४ साली बनावट बातम्या छापणाऱ्या एका संकेतस्थळाने त्यावर ‘इजिप्त सरकारची घोषणा’ अशी बातमी रचली आणि तीच आजही आपल्या ग्रुपांवर फिरते आहे.

या विषयावर मला सविस्तर लिहू द्या.

काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्या टेबलासमोर येऊन बसला. मोबाइलची काच कोपऱ्यातून तडकलेली. त्याने हाच व्हिडिओ लावला, पोवळ्यांनी मढलेल्या एका गोल आकाराजवळ थांबवला आणि म्हणाला, ‘‘सर, पाच वर्षं मी संडे स्कूलच्या मुलांना हे दाखवलं. काल कॉलेजातल्या मित्राने पाच मिनिटांत खोटं पाडलं.’’ पुढे आवाज खाली घेऊन त्याने विचारलं, ‘‘मग कबर रिकामी होती हे तरी कशावरून?’’ चहा निवून गेला, त्याने कपाला हात लावला नाही.

तो व्हिडिओ त्याला ज्या युवा शिबिरात मिळाला, त्या शिबिरात मीही होतो. पाहुण्या वक्त्याने पडद्यावर ती चाकं दाखवली, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि पाहुण्याचा मान राखायचा म्हणून मी गप्प बसलो. तेव्हाच उठून दोन वाक्यं बोललो असतो तर त्या पोराची पाच वर्षं वाचली असती.

म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो, विरोधकाच्या पुराव्याने मंडळीचं जेवढं नुकसान होत नाही तेवढं आपल्याच खोट्या पुराव्याने होतं. विरोधक बोलतो तेव्हा माणूस सावध असतो. आपला माणूस व्यासपीठावरून बोलतो तेव्हा तो डोळे मिटून घेतो. मग ते एक चाक निखळलं की त्याला सगळा गाडाच खोटा वाटू लागतो.

यात पैसा आहे, तेही ओळखा. ‘पुराव्यानिशी बायबल’ म्हणून तिकीट लावून कार्यक्रम होतात. पवित्र भूमीच्या सहलीत यरीहोच्या तटाचा म्हणून खडा विकतात. भले भले यात फसतात. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाने मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे, म्हणजे त्या समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांचे म्हणून घेतलेले सोळा तुकडे तपासायला दिले, तर २०२० साली सोळाच्या सोळा बनावट निघाले. संग्रहालयाने ते स्वतः जाहीर केलं, हे मात्र चांगलं केलं. आपल्याकडे चुकीचा मेसेज पाठवणारा नंतर ‘ते खोटं होतं’ असं कधी कळवतो?

खरे पुरावे पुष्कळ आहेत. ते चाकांएवढे चमकदार नाहीत, इतकंच. इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाच्या थीब्समधल्या शिळेवर, इसवी सनापूर्वी १२०८च्या सुमारास, इस्राएलचं नाव आलं आहे. इस्राएलमधल्या तेल दान इथे १९९३ साली सापडलेल्या शिलालेखात दावीद राजाचा उल्लेख म्हणून ‘दाविदाचं घराणं’ असे शब्द आहेत. कैसरियात १९६१ साली येशूला क्रुसाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पंतय पिलात याच्या नावाचा दगड मिळाला. पण यातल्या एकानेही समुद्र दुभंगल्याचं सिद्ध होत नाही. इस्राएल लोक इजिप्तमधून निघाले त्या निर्गमाचा थेट पुरावा मिळालेला नाही आणि व्यासपीठावरून हेही स्पष्ट सांगायला हवं.

यापुढे असा व्हिडिओ आला तर तो आधी मूळ भाषा आणि पुराणवस्तुशास्त्र शिकलेल्या माणसाला दाखवा. पुण्यात असे लोक आहेत. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, नगर रस्त्याला ज्ञानदीप ही कॅथोलिक धर्मशिक्षणाची संस्था आहे. खात्री होईपर्यंत मुलांसमोर लावू नका.

तुमच्या बायबलच्या हस्तलिखितांत हजारो पाठभेद आहेत म्हणे. मग मूळ कोणतं? मी ख्रिस्ती नाही, कुतूहलाने विचारतोय. (कोथरूड)

तुम्ही राहता तिथून भांडारकर संस्था फार लांब नाही. तिथे १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची १,२५९ हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही कथा त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही, ती परिशिष्टात गेली. म्हणून पुण्यातला गणपती बसायचा राहिला नाही आणि महाभारताची थोरवीही उणावली नाही. पण अभ्यासकाला ती कथा आता मूळ पाठातली म्हणून सांगता येत नाही.

नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाचं काम त्याच पद्धतीचं आहे. ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांवर आहेत. सर्वांत जुन्यांपैकी एक तुकडा योहानाच्या शुभवर्तमानाचा (शुभवर्तमान म्हणजे येशूचं चरित्र), दुसऱ्या शतकातला, जेमतेम एटीएम कार्डाएवढा. बहुतेक पाठभेद अक्षरांचे नाहीतर शब्दक्रमाचे आहेत. दोन जागा मात्र मोठ्या आहेत. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या आणि व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. ‘जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा’ हे वाक्य त्याच गोष्टीतलं. तिच्यावर मी कितीदा तरी उपदेश केला आहे, पुढेही करीन, पण समासातली टीप वाचून दाखवल्याशिवाय नाही.

तुम्ही पुढे विचारलं आहे, ‘पुरावा विरुद्ध गेला की तुम्ही अर्थ बदलता, मग तुम्ही कधी चुकणारच नाही का?’ आक्षेप रास्त आहे. अमेरिकेत उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ला प्रभू येणार असं धरलं होतं. तो दिवस उजाडला आणि मावळला. पुष्कळांनी ती चळवळ सोडली. काहींनी तारीख बरोबर होती, घटना स्वर्गात घडली, असा अर्थ लावला आणि त्यातून पुढे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. त्या बंधुभगिनींच्या भक्तीबद्दल मला आदर आहे, अर्थ लावण्याची ती रीत मला पटत नाही. काय घडलं तर माझं चुकलं असं मी मानेन, हे माणसाने आधीच बोलून ठेवावं. माझं उत्तर वर पहिल्याच प्रश्नात दिलं आहे.

मृत समुद्राच्या गुंडाळ्यांनी बायबल खरं ठरलं ना? (येरवडा)

बायबल किती काळजीपूर्वक उतरवलं गेलं, ते ठरलं. मृत समुद्राकाठच्या कुमरानजवळ सापडलेली यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची मोठी गुंडाळी त्याआधी हाताशी असलेल्या संपूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी आहे आणि मजकूर बराचसा तोच आहे. पण त्याच गुहांत यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या वेगळ्या, आखूड पाठाचेही तुकडे मिळाले. पहिली गोष्ट सांगणाऱ्याने दुसरीही सांगावी.

तुरिनच्या कफनाचं काय? (घोरपडी)

येशूला त्यात गुंडाळलं होतं असं मानतात त्या कापडाची १९८८ साली तीन प्रयोगशाळांनी कार्बन तपासणी केली, ते १२६० ते १३९० या काळातलं ठरलं. त्यावर वाद अजून चालू आहे. आपला विश्वास त्या कापडावर टांगू नका.

मुलगा इंजिनीअरिंगला आहे. उत्क्रांती शिकल्यापासून देव नाही म्हणतो. दोन वर्षं चर्चला आलेला नाही. घरात वाद नको म्हणून आम्ही विषय काढत नाही. येईल ना परत? (विश्रांतवाडी)

ताई, दोन वर्षं हा फार मोठा काळ आहे. मुलाने प्रश्न विचारला आणि घर गप्प बसलं, तर ‘यांच्याकडे उत्तर नाही’ असंच तो धरणार. वाद नको हे ठीक, पण बोलणं बंद होऊ देऊ नका.

आणि त्याच्यापुढे उत्क्रांती की बायबल अशी निवड ठेवू नका. पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिनने बजावून ठेवलं होतं की निसर्गाबद्दल ज्या गोष्टी इतरांना पक्क्या ठाऊक आहेत, त्यांवर ख्रिस्ती माणूस धर्मशास्त्राच्या नावाने भलतंसलतं बोलू लागला, तर पुनरुत्थानाबद्दलही त्याचं कुणी ऐकणार नाही. १६१५ साली कॅथोलिक चर्चच्या कार्डिनल बेलार्मिनने लिहिलं की पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे खरोखर सिद्ध झालं, तर सिद्ध झालेलं खोटं म्हणण्यापेक्षा शास्त्रवचन आपल्याला कळलं नाही असं म्हणावं लागेल. नियम बरोबर होता. तरी पुढच्याच वर्षी कोपर्निकसचा ग्रंथ अडवला गेला आणि १६३३ साली गॅलिलिओला शिक्षा झाली. ज्याने नियम लिहिला त्याच्याच मंडळीने तो पाळायला फार उशीर केला. तुम्ही करू नका.

आज रात्री जेवताना त्याला एवढंच विचारा, ‘‘तुला कशामुळे पटेनासं झालं, मला समजावून सांग.’’ मध्ये बोलू नका, रडू नका. मग विज्ञान शिकलेला एखादा पाळक किंवा फादर गाठा. उपदेश नको, नुसती भेट घडवा. तो परत येईल की नाही याची हमी मी देणार नाही, कुणालाच देता येणार नाही. आणि नुसत्या प्रश्नापलीकडे तो उदास दिसत असेल, झोप-जेवण सुटलं असेल, तर आधी डॉक्टर, मग पाळक.

पुनरुत्थानाचा पक्का पुरावा मिळाला तर सगळं जग विश्वास ठेवेल का? (गुरुवार पेठ)

नाही. लाजराच्या दाखल्यात येशूच अब्राहामाच्या तोंडून म्हणतो की मोशे आणि संदेष्ट्यांचं जे ऐकत नाहीत त्यांना मेलेल्यांतून कुणी उठून आला तरी पटणार नाही. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय तर लिहितो की उठलेल्या प्रभूला समोर पाहूनही काहींना संशय वाटला. ही ओवी त्याने लपवली नाही, म्हणून माझा त्याच्यावर जास्त भरवसा आहे.

पुरावा वाट मोकळी करतो, चालत माणसालाच जावं लागतं. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. त्यात शिलालेख नव्हता की चाक नव्हतं. डोंगरावरचं प्रवचन वाचायला घेतलं आणि ते त्यांना सोडवेना. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यासाठी जे सोसलं ते महाराष्ट्राला माहीत आहे.

हे सगळं वाचून मुळापासून बायबल वाचावंसं वाटतंय. सुरुवात कुठून करू? (धायरी)

मार्कापासून. सोळाच अध्याय आहेत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकमधून केलेलं, त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली आलेलं मराठी बायबल कुठे पाहायला मिळालं तर तेही शेजारी ठेवा, हे काम आपल्या जिल्ह्यात केडगावला झालं आहे. सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीत स्त्रिया थरथर कापत कबरेपासून पळतात आणि भीतीने कुणाला काही बोलत नाहीत. तिथे थांबा, पुढच्या ओव्यांना कंस किंवा टीप आहे का पाहा आणि पाळकसाहेबांना त्याच दिवशी फोन करा.