मखराची जाहिरात: बूस्ट दाबायच्या आधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज वाचला. बाबांचा मखराचा धंदा ऑनलाईन न्यायचाय, वेबसाईट तयार आहे, दहा हजार बाजूला काढलेत आणि ते कुठे टाकू असं विचारलंयस. मला मनापासून आनंद झाला, कारण 2018 ला थर्माकोलवर बंदी आल्यापासून पुठ्ठ्याच्या मखराला खरी मागणी आहे आणि बाबांच्या हातची सफाई परळच्या गल्लीबाहेर कुणाला माहीतच नाही. पण इन्स्टा-फेसबुकवर पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं ते बूस्टचं बटण आत्ता दाबू नकोस, आधी वही घे.

समज, एक मखर 2,500 ला जातं आणि माल, मजुरी, पॅकिंग, टेम्पो सगळं वजा करून हातात 600 उरतात. त्यातले फार तर 300 जाहिरातीला देता येतील. पाच जणांनी व्हॉट्सअॅपवर विचारलं की एक जण घेतो असं धर, म्हणजे एका चौकशीला 60 रुपये ही तुझी हद्द. हा आकडा गल्ल्यावर लिहून चिकटव, कारण उद्या स्क्रीनवर रीच (किती जणांना दिसलं), इम्प्रेशन (किती वेळा दिसलं), लाईक असलं बरंच काही दिसेल आणि त्यातल्या कशानेही कारागिराचा पगार होत नाही. आणि हो, जाहिरातीवर 18 टक्के जीएसटी आहे, म्हणजे दहा हजारांत प्रत्यक्ष जाहिरात साधारण 8,475 ची होते. जीएसटी नंबर असेल तर सीएला विचारून त्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या जीएसटीतून वजावट घे.

इन्स्टा-फेसबुकचं एक समजून घे, तू जे मागशील तेच ती सिस्टीम शोधून आणते. लाईक मागितलेस तर लाईक करणारी माणसं आणेल, मग ती विकत घेवोत न घेवोत. म्हणून अॅड्स मॅनेजर उघड आणि व्हॉट्सअॅपवर मेसेज येतील अशी जाहिरात लाव. पैसे कमी आहेत तर पाच-सहा ठिकाणी वाटू नकोस, एका अॅड सेटला (एकाच बजेटच्या जाहिरातींच्या गटाला) आठवड्यात साधारण 50 रिझल्ट मिळाले की मगच जाहिरात कुणाला दाखवायची हे सिस्टीम नीट शिकते. व्हिडिओत बाबांचे हात दाखव, सपाट पुठ्ठ्याचं मखर कसं उभं राहतं ते, बाकी म्युझिक-बिझिक नसलं तरी चालेल.

आता गूगल. माझ्या मते तुझे जास्त पैसे इथे जायला हवेत, कारण इथे माणूस स्वतः शोधत येतो. पण इथेच पैसे गळतातही. 'गणपती डेकोरेशन' हा शब्द ब्रॉड मॅचवर, म्हणजे जवळपासच्या कुठल्याही शोधाला चालेल असा, टाकलास की 'गणपती डेकोरेशन फोटो', 'घरच्या घरी मखर कसं बनवायचं', 'डेकोरेशन आयडिया' अशा सगळ्यांना तुझी जाहिरात दिसणार, ते क्लिक करणार, पैसे तुझे जाणार. म्हणून फ्रेज (शोधात तुझ्या शब्दाचा अर्थ यायलाच हवा) किंवा एक्झॅक्ट मॅच (शोधाचा अर्थ तोच हवा) ठेव आणि रोज सकाळी चहा घेताना सर्च टर्म्स रिपोर्ट बघ, लोकांनी काय टाईप केल्यावर तू दिसलीस ते त्यात बरंचसं कळतं, सगळं नाही. 'फोटो', 'आयडिया', 'कसं बनवायचं', 'फ्री' हे निगेटिव्हमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दिसू नये त्या शब्दांत टाक, आणि एकेक वेगळं टाक, कारण समानार्थी शब्द किंवा अनेकवचन गूगल निगेटिव्हमध्ये आपणहून धरत नाही. अजून एक, आपले लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत हवे तसे लिहितात, त्यामुळे 'मखर' देवनागरीतही ठेव आणि रोमन स्पेलिंगचे दोन-तीन प्रकारही ठेव.

कॅम्पेन बनवतानाच डिस्प्ले नेटवर्कची (दुसऱ्यांच्या वेबसाईटवर जाहिरात दाखवायची) टिकमार्क काढ. लोकेशनमध्ये गूगल आपणहून 'या भागात असलेले किंवा रस असलेले' असं धरून चालतं, ते बदलून फक्त तिथे असलेले लोक कर, नाहीतर नागपुरात बसून मुंबईचे गणपती बघणाऱ्याच्या क्लिकचे पैसेही तूच भरशील. आणि परळभोवती गोल काढून थांबू नकोस गं, गिरगाव-लालबागची किती घरं डोंबिवली, ठाणे, बदलापूरला गेली, गिऱ्हाईक तिकडे आहे. टेम्पोचं भाडं आधी काढ आणि किंमत वेबसाईटवर स्पष्ट लिही, 'किमतीसाठी मेसेज करा' असं लिहून कुणाला तिष्ठत ठेवू नकोस.

तारखांचं मात्र नीट बघ. 2025 ला चतुर्थी 27 ऑगस्टला होती, 2026 ला अधिक ज्येष्ठामुळे 14 सप्टेंबरला आहे, त्यामुळे गेल्या जुलैशी यंदाचा जुलै ताडून बघितलास तर धंदा पडला असं वाटून उगाच घाबरशील. चतुर्थीपासून मागे आठवडे मोजत ये. कोकणात जाणारे आधी निघतात आणि त्यांना गाडीत नेता येईल असं घडीचं मखर हवं असतं, त्यांच्यासाठी वेगळी जाहिरात आणि ती सगळ्यात आधी सुरू कर. बुकिंग भरलं की त्याच मिनिटाला जाहिरात बंद.

वेबसाईट मोबाईलवर, तेही लोकलमध्ये उभं राहून उघडून बघ. फोटो चार-चार एमबीचे असतील तर लहान कर, मुख्य फोटो अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे, तिथे तपासता येतं. गूगल बिझनेस प्रोफाईल, म्हणजे गूगलच्या नकाशावर दिसणारं दुकानाचं पान, तेही फुकट आहे, ते तर आजच कर, आणि मखर पोचल्यावर गिऱ्हाईकाकडे रिव्ह्यू माग. रिव्ह्यू विकत घेऊ नकोस, सूट देऊनही नाही, गूगलच्या नियमात ते बसत नाही आणि बाबांच्या नावाला शोभतही नाही.

कुणी 'पहिल्या नंबरवर आणून देतो' म्हणाला तर दारातूनच परत पाठव, अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही असं गूगल स्वतः सांगतं. एजन्सी घेतलीसच तर अॅड अकाउंट, डोमेन (वेबसाईटचा पत्ता), पिक्सेल (वेबसाईटवर कोण आलं ते टिपणारा कोड) सगळं तुझ्या ईमेलवर असू दे, त्यांना फक्त अॅक्सेस दे. दादरच्या एका ओळखीच्या दुकानदाराचं एजन्सीशी वाजलं आणि तीन सीझनचा डेटा त्यांच्याकडेच राहिला, त्याला परत शून्यापासून सुरुवात करावी लागली. मला फार वाईट वाटलं होतं.

चौकशी आली की 'कुठून कळलं?' हे विचारच, आणि व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये लेबल लाव, गूगल, इन्स्टा, ओळखीतून. ब्रॉडकास्ट (एकच मेसेज एकदम अनेकांना) फक्त तुझा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो, म्हणून डिलिव्हरीच्या वेळी नंबर सेव्ह करायला सांग, पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी जाहिरातीला एक रुपया लागणार नाही.

सुरुवातीला रोज 300 च लाव. आठवड्याने सर्च टर्म्सची यादी आणि लेबलांचे आकडे मला पाठव, एका चौकशीला 60 च्या वर जात असेल तर कुठला शब्द काढायचा ते बसून ठरवू.

तुझी,
ताई