आईचं श्रवणयंत्र पावसाळ्यात सारखं बंद पडतं. काय काळजी घ्यावी?

बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलं नसतं, दमट हवेने किंवा कानातल्या मळाने आवाज अडतो. कोकणात, मुंबईत तर जून ते सप्टेंबर हे ठरलेलंच. रात्री यंत्र काढल्यावर बॅटरीचं झाकण उघडं ठेवा आणि सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवून द्या. हेअर ड्रायर किंवा ऊन अजिबात नको. सकाळी कोरड्या मऊ ब्रशने टोकावरचा मळ झाडा, ब्रश करताना यंत्राचं तोंड खाली धरा, म्हणजे मळ आत जाणार नाही. स्पिरिट लावू नका. कानामागच्या यंत्राच्या नळीत पाण्याचे बारीक थेंब दिसले तर कानात बसणारा साचा यंत्रापासून सोडवून हाताने दाबायच्या छोट्या रबरी ब्लोअरने फुंकून काढा.

यंत्रातल्या झिंक-एअर सेलचा (हवेवर चालणाऱ्या बटणाएवढ्या बॅटरीचा) स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मगच सेल बसवा. त्याला हवा लागते. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही.

आणि हे फार महत्त्वाचं: घरात नातवंडं असतील तर वापरलेले सेलसुद्धा उघड्यावर टाकू नका. मुलाने गिळला, अशी नुसती शंका आली तरी उलटी न करवता थेट हॉस्पिटल गाठा. एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी यंत्र बाहेर काढून ठेवायचं. कान दुखत किंवा वाहत असेल तर यंत्र न घालता आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.