कोकणातल्या घरासाठी लाखभरात सोलर आणि बॅटरी बसते का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: दापोलीजवळ गावचं घर, महिन्याला साधारण १३० युनिट, पावसाळ्यात लाइट गेली की पाच-सहा तास येत नाही, हातात एक लाख. आणि विक्रेत्याने ३ किलोवॅटची हायब्रिड सिस्टीम (पॅनेल, बॅटरी आणि महावितरणची वीज तिन्हींवर चालणारी) चार बॅटऱ्यांसकट २ लाख ६० हजारांना सांगितली आहे. लाखात बसेल का?

बसेल, पण ते कोटेशन बाजूला ठेवा. मी याच जिल्ह्यात घरगुती वायरिंगची कामं घेतो, आणि असली कोटेशनं दर आठवड्याला कोणीतरी दाखवायला आणतं. त्यात बिल कमी करणं आणि लाइट गेल्यावर पंखा चालू ठेवणं ही दोन कामं एकत्र बांधलेली असतात. तुमच्याकडे लाइट जाते कधी? जून ते सप्टेंबर, झाड तारेवर पडलं की. त्याच दिवसांत आभाळ भरलेलं असतं आणि पॅनेल चौथाईसुद्धा वीज देत नाही. म्हणजे ज्या रात्रीसाठी तुम्ही पैसे घालताय, त्या रात्री पॅनेलचा उपयोग जवळजवळ शून्य. तिथे कामाला येते ती बॅटरी, आणि ती भरायची महावितरणच्याच विजेवर, लाइट असेल तेव्हा.

उलट बाजूही सांगतो, कारण पुष्कळांना ती पॅनेल बसल्यावर कळते. अनुदानात सहसा बसवतात ती बिनबॅटरीची ऑनग्रिड (महावितरणच्या लाइनला थेट जोडलेली) सिस्टीम लाइट गेली की भर उन्हातही बंद पडते. तो बिघाड नाही. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो.

तर आधी बॅटरी. पण त्याच्याही आधी पंखे. हा हिशोब कागदावर मांडून बघा. लाइट नसताना तीन पंखे सहा तास, नऊ वॅटचे चार दिवे चार तास, वायफाय आणि मोबाइल. जुना पंखा ७५ वॅट खातो, म्हणजे पंख्यांचेच १३५० वॅट-तास (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट), आणि सगळं मिळून दीड युनिटाच्या वर. तेच बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे साधारण ३० वॅटवर फिरतात. सगळं मिळून पाऊण युनिट. आता बॅटरीकडे या. १५० एएचची (ॲम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) १२ व्होल्टची ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालावं लागणारी नेहमीची बॅटरी, कागदावर १८०० वॅट-तासांची, पण टिकवायची तर निम्म्याच्या फार खाली न्यायची नाही. इन्व्हर्टर स्वतः खातो ते वजा केलं की हाती पाऊण युनिटच उरतं. म्हणजे पंखे बदलले तर एका बॅटरीत भागतं, नाही बदलले तर दोन लागतात. तीन पंखे आठ-नऊ हजारांत येतात, दुसरी बॅटरी पंधराच्या आसपास जाते आणि चार-सहा वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. पंखे मात्र बारा महिने बिलही वाचवतात.

फ्रिज या हिशोबात धरलेला नाही, मुद्दामच. दार उघडलं नाही तर चार-पाच तास त्याला काही होत नाही. विहिरीच्या पंपाचं तर नावच नको. एक हॉर्सपॉवरचा पंप सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो, आणि त्या एका क्षणासाठी अख्खा इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागतो. लाइट असताना टाकी भरून ठेवा.

लिथियम घ्यावी का? थोडी ओढाताण करून जमत असेल तर मी हो म्हणेन, आणि कारण आयुष्य नव्हे, चार्जिंग आहे. पावसाळ्यात लाइट दोन तास येते आणि पुन्हा जाते. रिकामी ट्यूब्युलर पूर्ण भरायला दहा-बारा तास घेते, लिथियम योग्य चार्जर असेल तर त्याच्या निम्म्याहून कमी वेळात भरते. शिवाय १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणजे १५० च्या ट्यूब्युलरपेक्षा हाताशी थोडी जास्तच. फक्त इन्व्हर्टरला लिथियमची सेटिंग आहे ना ते दुकानात चालू करून बघा, माहितीपत्रकावर जाऊ नका. ट्यूब्युलरच घेतली तर डिस्टिल्ड वॉटरची बाटली घरात हवी. गणपतीत पाहुण्यांसमोर बॅटरी बसली की लोक मला फोन करतात, आणि आत पाहावं तर प्लेटा कोरड्या.

९०० व्हीए क्षमतेचा इन्व्हर्टर, एक ट्यूब्युलर आणि तीन पंखे मिळून ३५ हजारांच्या आसपास जातं. हे मे महिन्यातच उरका.

पॅनेल दिवाळीनंतर, वेगळं काम म्हणून, ऑनग्रिड. तुम्हाला १ किलोवॅट पुरे. कोरड्या दिवसांत ते दिवसाला चार युनिट देतं, महिन्याला ११०-१२०. तीन किलोवॅटचा मोह सोडा. नेट मीटरिंगमध्ये (लाइनला दिलेली वीज तुमच्या वापरातून वजा होते त्या पद्धतीत) जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात हे खरं, पण खातं मार्चअखेर मिटवलं जातं आणि उरलेल्या युनिटांचे पैसे तुमच्या दरापेक्षा बरेच कमी मिळतात. हिवाळ्यात साठवून पुढच्या पावसाळ्यात वापरू, हे जमत नाही. आणि बिल शून्य होतं म्हणणाऱ्याला स्थिर आकाराचं विचारा. तो भरावाच लागतो.

पीएम सूर्यघर योजनेत (२०२४ पासून) पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार अनुदान आहे, तिसऱ्याला १८ हजार, पुढे काही नाही. बॅटरीला त्यात काही नाही. पॅनेल भारतीय सेलचे लागतात आणि विक्रेता नोंदणीकृत असावा लागतो. पैसे सिस्टीम सुरू झाल्यावर तुमच्या खात्यात येतात, म्हणून आधी सगळी रक्कम तुम्हीच उभी करायची. एक किलोवॅटला आमच्याकडे ६५-७० हजार सांगतात. ३५ आणि ७० मिळून लाख किंचित ओलांडतं, ३० परत येतात. मधले काही आठवडे तेवढी सोय ठेवा.

कोणी म्हणेल, घरच्या इन्व्हर्टरलाच एक ५५० वॅटचं पॅनेल जोडू, स्वस्तात. ते पॅनेल ४० व्होल्टच्या वर चालतं. पॅनेलवरून बॅटरी भरणाऱ्या साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलं तर १७० वॅटच्या आसपास मिळतात, बाकीचे वाया. जास्तीचे व्होल्ट वाया न घालवणारा एमपीपीटी कंट्रोलर असेल तरच विचार करा.

स्ट्रक्चरवर मात्र काटकसर नको. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुमच्या भागाने पाहिलंय, कित्येक गावांत त्यानंतर आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) पाइप, स्टेनलेस नटबोल्ट, उंची शक्य तितकी कमी. समुद्राच्या वाऱ्यात साधा रंगवलेला अँगल दोन-तीन पावसांत फुगतो. अर्थिंगही नीट करून घ्या. जांभ्याच्या कातळात नुसता रॉड ठोकून काही होत नाही, केमिकल अर्थिंग (रॉडभोवती ओलावा धरणारी पावडर भरलेलं) लागतं आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं.

माडाची सावली कुठे पडते हेही पाहून ठेवा, एका पॅनेलवरच्या झावळीच्या सावलीनेही पूर्ण ओळीची वीज खाली येते. घर कौलारू आहे की स्लॅबचं हे तुम्ही लिहिलेलं नाही. कौलं असतील तर पॅनेल वर चढवण्यापेक्षा परड्यात दक्षिणेकडे तोंड करून जमिनीवर लावणं मला बरं वाटतं. धुवायलाही सोपं पडतं. तेवढं कळवलंत तर पुढचं सांगतो.