मिलिशियाला शिबंदी म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणताना एका भाषांतरकाराला एक वाक्य अडले. बेटाची ‘मिलिशिया’, म्हणजे रहिवाशांचीच फौज, शांततेच्या काळात बेटाच्या कायद्याने चाले, आणि ती ‘एम्बॉडी’ झाली की तिला ‘मिलिटरी लॉ’ लागू होई, असा त्या वाक्याचा आशय आहे. मिलिशियाला ‘शिबंदी’ हा आपला जुना शब्द वापरावा की ‘नागरी सेना’ हा नवा, ‘एम्बॉडी’चे काय करावे, आणि ‘लष्करी कायदा’ असे लिहिले तर वाचक मार्शल लॉ समजणार नाही ना, अशा तीन शंका त्यातून निघाल्या आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो : शिबंदी नको, आणि नागरी सेना तर त्याहून नको.

शिबंदीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. शब्द किल्ल्यांच्या इतिहासामुळे कानावरचा आहे, आणि कंपनी सरकारच्या काळातल्या इंग्रजी लिखाणात शिबंदीचा अर्थ मिलिशिया असा सांगितलेला आढळत असल्याने, उलट्या दिशेने येऊन मिलिशिया म्हणजे शिबंदी असे समीकरण मांडायला वरवर आधारही मिळतो. इंग्रजांनी मात्र तो अर्थ दिला तो केवळ एका साम्यावर : कवायती फौजेबाहेरची, वसुलीसाठी आणि ठाण्यांच्या बंदोबस्तासाठी ठेवलेली हत्यारबंद माणसे. शिबंदी हा शब्द फारसी ‘सिह-बंदी’वरून आला, ‘सिह’ म्हणजे तीन, आणि तिमाही हिशेबाने पगार घेणारे ते शिबंदी, असा त्याचा उलगडा केला जातो. ही व्युत्पत्ती कोणाला पटो वा न पटो, शब्दाच्या वापराला पगार चिकटलेला आहे, यात शंका नाही. शिबंदी ठेवतात, वाढवतात, कमी करतात, तिचा खर्च पडतो, आणि पगार थकला की ती अडून बसते. ‘एवढी शिबंदी पोसायची कशी?’ हे आजही घरातल्या गोतावळ्याकडे पाहून म्हटले जाते. जर्सीची मिलिशिया कोणी ठेवलेलीही नव्हती आणि कोणी पोसलेलीही नव्हती.

मूळ लॅटिन शब्दाकडे पाहिले तर गंमत दिसते. ‘मिलेस’ म्हणजे सैनिक, आणि ‘मिलिशिया’ म्हणजे सैनिकांचा समूह नव्हे, तर सैनिकाची चाकरी, मोहिमेवरची सेवा. ‘घरी आणि मोहिमेवर’, म्हणजेच शांततेत आणि युद्धात, असे म्हणायला रोमन लोक जो जोडशब्द वापरत, त्यात ‘मिलिशिया’ ही घराच्या विरुद्ध बाजूला उभी आहे. पुढे इंग्रजीत मात्र तोच शब्द घर न सोडणाऱ्या फौजेला लागला. चाकरीचा, म्हणजे बंधनाचा, अर्थ तेवढा टिकून राहिला आणि आपल्या कामाचा तोच आहे.

हे बंधन कसले, ते जर्सी, गर्न्सी आणि त्यांच्या शेजारचे चिमुकले सार्क या बेटांवर स्पष्ट दिसते. 1204 मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाच्या हातून नॉर्मंडीची मुख्य भूमी गेली आणि ही बेटे तेवढी राजाकडे राहिली. तेव्हापासून फ्रान्सचा किनारा समोर दिसत असताना बेट राखण्याचे काम रहिवाशांवरच येऊन पडले. जर्सीत बारा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून पडलेले बारा गावविभाग, आणि प्रत्येक पॅरिशने आपली माणसे व तोफ सज्ज ठेवायची. तोफ ठेवायची जागा म्हणजे गावचे चर्च. सेंट पीटर पॅरिशसाठी जॉन ओवेन नावाच्या ओतकाराने 1551 मध्ये ओतलेली तोफ आजही शिल्लक आहे, आणि ती कोणी, कोणत्या साली, कोणत्या पॅरिशसाठी केली, हे तिच्या अंगावरच कोरलेले आहे. राजाची म्हणून नव्हे, तर गावची म्हणून ओतलेली तोफ. शिबंदीच्या कल्पनेत ही बसत नाही. (जाता जाता : या पॅरिशच्या प्रमुखाला तिथे आजही ‘कॉनेताब्ल’ म्हणतात. आपला पोलीस कॉन्स्टेबल हा त्याच शब्दाचा धाकटा भाऊ. शिवकाळात गडाचा मुख्य असलेला हवालदार आज नाक्यावर उभा असतो, त्यामुळे अशा घसरणीचे आपल्याला नवल वाटू नये.)

सार्कची गोष्ट तर सनदेतच लिहिलेली आहे. 1565 मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने जर्सीच्या हेलियर द कार्टरे याला ते बेट दिले ते या अटीवर की, तिथे किमान चाळीस माणसे वस्तीला असावीत आणि त्यांनी बेटाचे रक्षण करावे. त्याने जमिनीचे चाळीस वाटे पाडले आणि प्रत्येक वाट्यामागे बंदूकधारी माणसाची जबाबदारी आली. आपल्याकडे याच्या जवळ जाणारा शब्द शोधायचा तर तो शिबंदी नसून ‘गडकरी’ हा आहे, कारण गडाच्या राखणीबद्दल वंशपरंपरेने जमीन खाणारी घराणी ती गडकऱ्यांची. त्या जमिनींना हात लागला तेव्हा 1844 मध्ये कोल्हापूर संस्थानात सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी उठाव केला, यावरून त्या नात्यात पगारापेक्षा हक्क किती मोठा होता, हे कळते. पण गडकरी हे आता आडनाव होऊन बसले आहे आणि मिलिशियाला गडकरी म्हणणे कोणालाच सुचणार नाही. तुलना समजण्यापुरती आहे.

बंधनाला हद्दही होती, आणि कायद्याच्या दृष्टीने ही हद्द बंधनाइतकीच महत्त्वाची आहे. जॉन राजाच्या नावावर परंपरेने चालत आलेल्या सवलतींनुसार बेटकऱ्याला बेटाबाहेर लढायला नेता येत नसे. अपवाद एवढाच की राजा शत्रूच्या हाती पडला असेल, किंवा इंग्लंड परत मिळवायला तो स्वतः निघाला असेल. मिलिशियाचा हुकूम राजाच्या वतीने लेफ्टनंट गव्हर्नरकडे, पण सक्ती करणारा कायदा ‘स्टेट्स’ या बेटाच्या सभेने करायचा, त्याला लंडनमध्ये राजाच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे सल्लागार मंडळाने, मंजुरी द्यायची, आणि कवायत चुकवणाऱ्याला शिक्षा बेटाच्या रॉयल कोर्टाने करायची, असा तिहेरी पेच होता. 1798 मध्ये तो चांगलाच आवळला गेला. कवायत रविवारी होत असे आणि मेथडिस्ट पंथाच्या माणसांनी देवाच्या वारी हत्यार धरायला नकार दिला. तेव्हा जर्सीच्या स्टेट्सने अशांना हद्दपार करण्याचा कायदा केला, आणि राजाने कौन्सिलमध्ये तो फेटाळला. फ्रान्सशी युद्ध चालू असताना फौजेचा धनी असलेल्या राजानेच फौजेत न येणाऱ्यांना वाचवले, हे ऐकायला विचित्र वाटते. पण कायदा करणारा आणि हुकूम देणारा वेगवेगळा असला की असेच होते.

हुकूम तरी नेमका कोणाचा, हा प्रश्न त्याआधीच, 6 जानेवारी 1781 रोजी, गोळीबारात सुटला होता. बॅरन द रुलकूर फ्रेंच तुकडी घेऊन रात्री ला रोक येथे उतरला आणि सेंट हेलियर शहरात येऊन त्याने लेफ्टनंट गव्हर्नर मोझेस कॉर्बेट याला बिछान्यातच पकडले. कॉर्बेटने शरणपत्रावर सही केली व शस्त्रे ठेवण्याचा हुकूम पाठवला. कैदेतल्या माणसाचा हुकूम मानायचे नाकारून 24 वर्षांच्या मेजर पीअर्सनने पगारी पलटणी आणि मिलिशिया एकत्र करून बाजाराच्या चौकात हल्ला केला. लढाई जिंकली, पीअर्सन पडला, रुलकूर प्राणघातक जखमी झाला, आणि कॉर्बेटला पुढे लष्करी न्यायालयाला तोंड द्यावे लागून पद सोडावे लागले. त्या लढाईच्या पन्नासाव्या वर्षी, 1831 मध्ये, मिलिशियाला ‘रॉयल’ हे उपपद मिळाले.

आता ‘नागरी सेना’. या शब्दावर माझा आक्षेप कायद्याचा आहे. आजच्या मराठीत नागरी म्हणजे सैन्याबाहेरचा. ‘नागरी वस्तीवर बॉम्बहल्ला’ असे आपण लिहितो ते याच अर्थाने. 1907 च्या हेग नियमावलीच्या पहिल्याच कलमात असे म्हटले आहे की, युद्धाचे कायदे, हक्क आणि कर्तव्ये केवळ सैन्यालाच नव्हे, तर मिलिशिया व स्वयंसेवक दलांनाही लागू होतात. मात्र त्यांच्यावर जबाबदार माणसाचा हुकूम चालला पाहिजे, दुरून ओळखू येईल अशी कायम खूण त्यांच्या अंगावर हवी, शस्त्रे उघडपणे बाळगलेली हवीत आणि युद्धाचे नियम पाळलेले हवेत. 1949 च्या जिनिव्हा करारातही हीच चौकट युद्धकैद्यांसाठी येते. म्हणजे मिलिशियातला माणूस युद्धात जे नसतो ते एकच, आणि ते म्हणजे ‘नागरी’. जो शब्द नेमकी तीच ओळख त्याला चिकटवतो, तो कायद्यावरच्या मजकुरात कसा चालेल? ‘गृहरक्षक दल’ही टाळावे, कारण मुंबई प्रांताच्या 1947 च्या कायद्यापासून तो शब्द पोलिसांना मदत करणाऱ्या होमगार्डचा झाला आहे.

‘एम्बॉडी’ला कोशातला ‘मूर्त स्वरूप देणे’ हा अर्थ लावला, तर मिलिशियाची मूर्ती होईल. मिलिशियाच्या कायद्यात हा पारिभाषिक शब्द आहे : एरवी आपापल्या घरी, शेतात, दुकानात असलेली माणसे सरकारच्या हुकमाने पूर्णवेळ सेवेत एकत्र आणणे. इंग्लंडच्या मिलिशियात, जिथे जर्सीसारखी सरसकट सक्ती नसून 1757 च्या कायद्यापासून चिठ्ठ्या टाकून माणसे निवडत, सैन्याचा शिस्तीचा कायदा अशा सेवेच्या आणि कवायतीच्या दिवसांपुरता लागू होई. हा शब्द आपल्या परिचयाचाही आहे, कारण भारताच्या 1948 च्या प्रादेशिक सेना कायद्यात तो आहे. प्रादेशिक सेनेतला जवान एरवी बँकेत किंवा कारखान्यात असतो. बोलावणे येऊन तो सेवेत दाखल झाला की सैन्याचा कायदा त्याला लागतो, आणि केंद्र सरकारच्या हुकमाशिवाय त्याला देशाबाहेर पाठवता येत नाही. जॉन राजाच्या सवलतीची ही बरीच धाकटी नातेवाईक म्हणायची. म्हणून ‘एम्बॉडी करणे’ याला ‘प्रत्यक्ष सेवेत बोलावणे’ असे सरळ म्हणावे.

मार्शल लॉबद्दलची शंका रास्त आहे. मराठीत दोन्ही गोष्टींना ‘लष्करी कायदा’ म्हणतात. प्रत्यक्षात एक आहे सैनिकाला लागणारा शिस्तीचा कायदा आणि दुसरा आहे नागरिकांवर लष्कराने चालवलेला अंमल. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात जो पुकारला गेला तो दुसरा, आणि सोलापूरकर त्याला आजही ‘मार्शल लॉ’च म्हणतात. ती वाट चांगली आहे. मार्शल लॉला मार्शल लॉ म्हणावे, आणि इथे ‘सैन्याचा शिस्तकायदा’ असे लिहावे.

मिलिशियासाठी मी मिलिशिया हाच शब्द ठेवीन, फौज, पलटण यांच्या ओळीत स्त्रीलिंगी धरीन, आणि पहिल्या उल्लेखाला खुलासा जोडीन, कारण वर्तमानपत्रांतल्या परदेशी बातम्यांमुळे हा शब्द वाचला की डोळ्यांपुढे सरकारला न जुमानणाऱ्या सशस्त्र टोळ्या येतात. वाक्य असे होईल : ‘मिलिशिया, म्हणजे बेटाच्या रक्षणासाठी कायद्याने बांधलेली रहिवाशांची फौज, शांततेच्या काळात बेटाच्या कायद्याने चाले, तिला प्रत्यक्ष सेवेत बोलावले की सैन्याचा शिस्तकायदा लागू होई.’

मजकूर पहिल्या महायुद्धापर्यंत जात असेल, तर शब्द तिथे बदलावा लागेल. 1915 मध्ये जर्सीहून जी तुकडी ब्रिटिश सैन्याच्या आयरिश रेजिमेंटमध्ये गेली, ती स्वेच्छेने गेली. गर्न्सीने डिसेंबर 1916 मध्ये बेटाबाहेर न जाण्याची सवलत बाजूला ठेवून रॉयल गर्न्सी लाइट इन्फन्ट्री उभी केली आणि ती 1917 च्या अखेरीस फ्रान्समध्ये मास्निएर येथे लढली. तिला मिलिशिया म्हणू नये, पलटण म्हणावे. जून 1940 मध्ये जर्सीची मिलिशिया बोटीने इंग्लंडला गेली आणि हॅम्पशायर रेजिमेंटची अकरावी पलटण झाली, तेव्हा त्या वाक्यातही बोट निघेपर्यंत मिलिशिया आणि त्यानंतर पलटण, असेच लिहावे.