वाचकांचे प्रश्न : पालावरच्या मुलांचं आरोग्य

प्रश्न : आमच्या गावाबाहेरच्या गायरानात दरवर्षी दिवाळीनंतर नाथजोगी आणि वैदूंची पालं पडतात आणि दोन-तीन आठवड्यांत उठतात. मुलांच्या लसीकरणाचं कार्ड बहुतेकांकडे नसतं. लस द्यायला नेलं तर ‘आधी कार्ड आणा’ म्हणून परत पाठवतात. मध्येच सुटलेल्या लसी पहिल्यापासून सुरू कराव्या लागतात का?
— प्राथमिक शिक्षिका, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : नाही. डोस कितीही लांबला तरी आधीचे डोस वाया जात नाहीत. जिथे खंड पडला तिथून पुढे सुरू करायचं, दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवायचं. कार्ड हरवलंय आणि कुठेच नोंद सापडत नाही, तर काहीच दिलेलं नाही असं धरून वयाप्रमाणे लसी द्यायच्या. एखादा डोस जास्तीचा झाला तर मुलाला अपाय होत नाही. गोवर झाला तर मात्र पालावर तो एका मुलावर थांबत नाही. डाव्या दंडावरचा व्रण बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लसीची, खूण आहे. तो दिसला म्हणून बाकीच्या लसी झाल्या असं समजू नका.

वयाची बंधनं मात्र लक्षात ठेवा. बीसीजी एक वर्षाच्या आत. पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीची, सुरुवातही वर्षाच्या आतच करावी लागते. एक डोस जरी वर्षाआधी झाला असेल तर उरलेले नंतर पूर्ण करता येतात. वर्ष उलटल्यावर पहिल्यांदाच आलेल्या मुलाला त्याऐवजी डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची लस) देतात, ती सात वर्षांपर्यंत. गोवर-रुबेलाचे दोन डोस एरवी नवव्या महिन्यात आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान होतात. राहिले असतील तर पाच वर्षांपर्यंत महिन्याच्या अंतराने देता येतात. दोनच आठवड्यांचा मुक्काम असेल तर गोवर-रुबेला आधी उरकून घ्या.

आधार नाही, रेशनकार्ड नाही, पत्ता नाही, म्हणून लस नाकारता येत नाही. मूल आज ज्या गावात आहे, त्या गावच्या नर्सबाईंची ती जबाबदारी. कायमचा पत्ता विचारत बसणारी व्यवस्था ही मुलं गमावते, आणि मग दोष मात्र ‘हे लोक लसच घेत नाहीत’ असा त्यांच्याच माथी येतो. हे आम्हाला मुळीच मान्य नाही.

पालकांची एक अडचण खरी असते. इंजेक्शननंतर रात्री मूल फणफणतं आणि पहाटे बिऱ्हाड हलवायचं असतं. म्हणून लसीचा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवा, पुढचे दोन दिवस हातात राहतील असा. तापाचं औषध किती द्यायचं ते नर्सबाईंकडून बाटलीच्या झाकणावर खूण करून घ्या. नवं कार्ड मिळालं की दोन्ही बाजूंचा फोटो आई-वडील दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि मूळ कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, जातीच्या दाखल्यासोबत. तो दाखला कुणी हरवत नाही. यू-विन या लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतली नोंद मोबाइल नंबरवर असते. रिचार्ज संपला की नंबर बदलणाऱ्या घरात ती सापडत नाही. नंबर आजीचा किंवा मामाचा द्या, जो बदलत नाही.

प्रश्न : आम्ही मेंढपाळ. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतो. ओढ्याच्या पाण्याने पोरांना जुलाब लागतात. सोबत काय ठेवावं?
— फलटण तालुका

उत्तर : मेंढरं पाण्यावर उतरतात त्याच्या वरच्या अंगाला पाणी भरा. वाळूत झिरा खणून घेतलेलं पाणी स्वच्छ दिसतं, पण वाळूने जंतू जात नाहीत. आशाताईंकडून क्लोरिनच्या अर्ध्या ग्रॅमच्या गोळ्या घ्या : एक गोळी वीस लिटरला, म्हणजे मोठ्या कळशीला नव्हे, पाण्याच्या जाराला. गढूळ पाणी आधी दुहेरी फडक्याने गाळून निवळू द्या, कारण गाळातच क्लोरिन संपून जातं. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा.

ओआरएसच्या पुड्या आणि झिंकच्या गोळ्या प्रत्येक बिऱ्हाडात हव्यात. सगळ्यात जास्त चुकतं ते माप. पेलाभर पाण्यात अर्धी पुडी ओतली तर पाणी फार खारट होतं आणि मुलाला अपाय होतो. अख्खी पुडी, एक लिटर पाणी. बाजारच्या पाण्याची एक लिटरची बाटली हे तुमचं माप. वरून साखर किंवा दूध घालू नका, कालवल्यावर उकळू नका, चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध चालू ठेवा. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, पूर्ण चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सहा तास लघवी नाही, किंवा मूल सुस्त पडून पाणीही पीत नाही, असं दिसलं तर मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करा आणि निघा.

मेंढपाळांच्या घरी आणखी दोन गोष्टी लागू होतात. शेळी-मेंढीचं दूध पोरांना कच्चं देऊ नका. त्यातून येणारा ब्रुसेलोसिसचा ताप चढत-उतरत महिनोन्‌महिने राहतो, सांधे धरतो. आणि कापलेल्या किंवा मेलेल्या जनावराचं काळीज-फुप्फुस कुत्र्यांपुढे कच्चं टाकू नका. त्यातल्या गाठींतून कुत्र्याच्या पोटात जंत होतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या केसांवरून पोरांच्या हाताला लागतात आणि पुढे पोरांच्या यकृतात पाण्याच्या गाठी धरतात. कुत्र्याशी खेळलेले हात जेवणाआधी साबणाने धुवायलाच हवेत.

प्रश्न : दात येताना बाळाच्या हिरड्यांना मिश्री लावतात. चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. बाळ शांत होतं ते निकोटिनमुळे. स्वच्छ ओल्या फडक्याने हिरड्या चोळा.

प्रश्न : आम्ही पालात भुईवरच झोपतो. सापाची भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, आणि दंशाची जागा दुखत किंवा सुजत नाही. मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा चहूबाजूंनी अंथरुणाखाली दाबा. यात डासही अडतात. धान्याची पोती आणि सरपण झोपण्याच्या जागेपासून लांब ठेवा, कारण उंदरामागे साप येतो. पहाटे मूल पोट दुखतं म्हणून उठलं, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर दंशाची खूण दिसो न दिसो, साप चावलाय असं धरून १०८ ला फोन करा. जागा कापू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. मुलाला चालवू नका, उचलून न्या.