थेट मालकाकडून जुनी गाडी घेताना ती चोरीची किंवा कर्जातली नाही, हे कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात 2017 ची स्विफ्ट साडेतीन लाखांना ठरतेय, आरसीवर बँकेचं नाव आहे आणि मालक म्हणतो, ‘लोन कधीच फिटलंय, एनओसी महिन्याभरात देतो, टोकन आत्ता द्या.’

टोकन देऊ नका. तो माणूस खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. मी आरटीओच्या कागदपत्रांची कामं करतो, आणि हप्ते संपले तरी आरसीवरचा कर्जाचा बोजा न उतरवलेली मंडळी मला नेहमी भेटतात. आरसीवरचं बँकेचं नाव आपोआप जात नाही. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 आरटीओत देऊन ते काढावं लागतं. तोवर बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी तुमच्या नावावर होणार नाही. मग बोजा उतरवण्याचं काम मालकाने आधी करावं, तुमच्या पैशाने नंतर नव्हे.

एनओसी दाखवली तरी तिच्यावर थांबू नका. लेटरहेड आणि शिक्के बनवणं आता अवघड राहिलेलं नाही. मालकाला घेऊन बँकेच्या शाखेत जा आणि लोन नंबर सांगून खातं बंद झालंय का ते काउंटरवर विचारा. काही बाकी निघालीच तर फोरक्लोजर लेटर, म्हणजे लोन बंद करायला किती भरायचे ते सांगणारं बँकेचं पत्र, मागा आणि तेवढी रक्कम थेट लोन खात्यात भरा. मालकाला फक्त उरलेली. यावर जो चिडतो, त्याची गाडी सोडून द्या.

आरसीसुद्धा त्याच्या हातातलं कार्ड बघून मानू नका. त्याला त्याच्याच मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एम-परिवहन उघडायला सांगा, तिथली आरसी सरकारी नोंदीतून येते. कार्ड डुप्लिकेट असेल तर ओरिजिनल कुठे गेलं ते विचारा. गाडी कुणाकडे गहाण टाकून डुप्लिकेट काढणारेही असतात, आणि पतसंस्थेचं किंवा सावकाराचं असलं उधार आरसीवर दिसेलच असं नाही. दुसरी किल्ली अशा सावकाराकडे असू शकते, म्हणून दोन्ही किल्ल्या मागा. दुसरी किल्ली ‘गावाला आहे’ म्हणाला, तर ती येईपर्यंत थांबा.

आता चोरीचं. इथे कागद खरा असतो आणि गाडी खोटी. अपघातात टोटल लॉस झालेल्या गाडीचे कागद घ्यायचे, तसल्याच मॉडेलची, तसल्याच रंगाची गाडी उचलायची आणि तिच्यावर त्या कागदांवरचा नंबर पाडायचा, ही जुनी युक्ती आहे. म्हणून चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, पत्र्यावर बघा. जागा मॉडेलप्रमाणे बदलते. कुठे इंजिनामागच्या पत्र्यावर, कुठे पुढच्या सीटजवळ गालिच्याखाली. तो 17 अक्षरांचा असतो, त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, आणि इथे बनलेल्या मारुतीचा नंबर सहसा ‘एमए3’ने सुरू होतो. आधी जागा फडक्याने पुसा, मग कागद ठेवून पेन्सिल घासा, आम्ही ट्रान्सफरच्या फॉर्मसाठी प्रिंट घेतो तशी. कंपनीचे आकडे एका खोलीचे, एका ओळीत उमटतात. एखादा 8 बाजूच्या आकड्यांपेक्षा जाड आला, म्हणजे तो मुळात 3 असू शकतो. भोवती ग्राइंडरचे ओरखडे किंवा तेवढ्याच पट्ट्यात ताजा रंग दिसला तर निघून या. इंजिन नंबरही आरसीशी जुळवा.

त्यानंतर गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला नेऊन चेसिस नंबरवरून सर्व्हिस रेकॉर्ड काढायला सांगा. रेकॉर्डमध्ये एक लाख दहा हजार किलोमीटर आणि मीटरवर साठ हजार, असंही निघतं. तो वेगळाच फायदा. एनसीआरबीच्या (गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) संकेतस्थळावर नंबर टाकून चोरीची नोंद आहे का तेही बघता येतं. तिथे काही दिसलं नाही म्हणजे गाडी स्वच्छ, असं मात्र धरू नका, तक्रार उशिरा नोंदवली जाते.

हे सगळं कशासाठी, तर चोरीची गाडी भोळेपणाने घेतली तरी मालकी मिळत नाही. पोलीस गाडी जप्त करतात आणि पैसे त्या विक्रेत्याकडून वसूल करत बसावं लागतं. संशय येण्याजोगं असूनही घेतली असं ठरलं, तर भारतीय न्याय संहितेचं चोरीचा माल घेण्याबद्दलचं कलम 317 आहेच.

तुमचा मालक शाखेत यायला तयार असेल तर पुढे जा. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर त्याच्या सह्या समोर घ्या, पैसे बँकेतूनच द्या आणि दोघांच्या सहीची डिलिव्हरी नोट करा, तारीख आणि वेळ घालून. इन्शुरन्स 14 दिवसांत तुमच्या नावावर करायला टाका. थकीत ई-चलन व्यवहाराआधी बघून घ्या, ते मालकाने भरायचं.